सुखछत्रच्या पश्चिम भिंतीवरून

मी एक जुना गिलावा आहे. गिलावा म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही, तुमच्या आईवडिलांनाही ते ठाऊक नाही. ते मला प्लास्टर म्हणतात, आणि तेही मी पडल्यावर. विटांच्या अंगावर वाळू-सिमेंटचा जो जाड थर चढवतात, तो मी. माझ्यावर रंग लावतात. येणारा-जाणारा म्हणतो, रंग काय सुरेख आहे. घरात ओल आली की म्हणतो, भिंत खराब आहे. चांगलं झालं तर रंगाचं, वाईट झालं तर भिंतीचं. या दोघांच्या मधे मी चौतीस वर्षं उभा आहे, हे कुणाच्या खिजगणतीत नाही.

मित्रांनो, मी गोड बोलणार नाही, आधीच सांगतो. चौतीस वर्षं पश्चिमेचं ऊन खाल्लेल्याकडून गोडव्याची अपेक्षा करू नये.

माझा जन्म १९९१च्या उन्हाळ्यात झाला, धनकवडीच्या पुढे आणि कात्रजच्या अलीकडे. तिथे तेव्हा ज्वारीची रानं होती. त्यातलं एक रान संभाजीरावांच्या वडिलांचं. त्या रानात सुखछत्र सहकारी गृहरचना संस्था उभी राहिली. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. जमिनीच्या बदल्यात संभाजीरावांच्या घराला दोन फ्लॅट मिळाले आणि पुढे अध्यक्षपदही संभाजीरावांकडेच आलं, कारण दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं.

मला घडवलं नागोराव गवंड्यांनी. थापीनं माल भिंतीवर असे मारायचे की खाली सांडलेला वेचायला बिगाऱ्याला काम उरत नसे. ओळंबा लावून रेष तपासायचे, लाकडी रंधा फिरवून सपाट करायचे, मग मागे सरकून एक डोळा मिटून माझ्याकडे बघायचे. मला इतक्या प्रेमानं पाहणारा तो पहिला माणूस आणि बहुधा शेवटचा. त्यांनी बिल्डरला सांगितलं, याला दहा दिवस पाणी मारा, तान्ह्या पोरासारखं बघा. बिल्डरनं टँकरचा हिशेब केला आणि तीन दिवसांत पाणी बंद केलं. नागोराव भांडले. त्यांना सांगण्यात आलं की दुसरीकडे काम बघा.

तर मी तहानलेलाच वाढलो. वरून कडक, आतून भुसभुशीत. अशी माणसंही तुम्ही पाहिली असतील. सोसायटीच्या सभेत ती पहिल्या रांगेत बसतात.

तरी मी काम केलं. पुण्याचा पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणजे आधी माझ्या तोंडावर येतो. इमारतीच्या बाकीच्या तीन बाजूंना नुसते शिंतोडे. दुपारचं ऊनही माझंच. आतली माणसं पंखा लावून झोपायची आणि उठल्यावर म्हणायची, आज विशेष उकडलं नाही. का उकडलं नाही, हे एकानं तरी विचारावं? नाही विचारलं. उलट डिश अँटेना आल्या तेव्हा मला भोकं पाडली, एसी आले तेव्हा मोठी भोकं पाडली, आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसाठी ज्यानं त्यानं मनाला येईल तिथे खिळे ठोकले. मधे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर माझ्यात पिंपळ उगवला. पिंपळ उपटायचं पाप कुणी घ्यायचं, यावर दोन सभा झाल्या. शेवटी ठराव झाला की रंगाऱ्याकडून तो 'कामाच्या ओघात' निघाला तर संस्थेची हरकत असणार नाही. रंगाऱ्यानं वरचा शेंडा तोडला. मुळं आत राहिली.

रंग मात्र वेळेवर मिळाला. १९९८ला पांढरा, २००७ला अबोली, २०१६ला करडा. तिन्ही वेळा तिन्ही रंगाऱ्यांनी एकच सांगितलं, की आतला माल सुटलाय, आधी तो काढा, मग रंग लावा. तिन्ही वेळा दोन्हींचे आकडे कागदावर मांडले गेले. माझा आकडा रंगाच्या पाचपट. मग काय, रंग. पायात काटा मोडलेल्या माणसाला दर आठ-नऊ वर्षांनी नवे मोजे द्यावेत, तशी माझी सेवा झाली. करडा रंग लागला तेव्हा लोकांनी इमारतीसमोर उभं राहून फोटो काढले. मी आतून फुगत होतो.

हे आकडे मांडायचे ते खजिनदार श्यामराव. सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात उभा जन्म गेलेला माणूस. प्रामाणिक, हे मी शपथेवर सांगेन. संस्थेचा एक रुपया त्यांनी कधी इकडचा तिकडे केला नाही. अडचण एवढीच की तो रुपया त्यांनी कधी कुठेच जाऊ दिला नाही. दुरुस्तीसाठी जमवलेले नऊ लाख त्यांनी बँकेत मुदत ठेवीत घातले होते आणि ठेवीची पावती आपल्या कपाटात, रेशमी कपड्यांच्या खाली ठेवली होती.

आता पोपटची ओळख करून देतो, कारण ही गोष्ट खरं म्हणजे त्याची आहे. २००४ साली तो एक लाकडी टेबल आणि कोळशाची इस्त्री घेऊन आला आणि माझ्या पायथ्याशी उभा राहिला. सकाळी तिथे माझी सावली असते. दुपारसाठी त्यानं वर एक पत्रा टाकला. पन्नास घरांचे कपडे तो तिथे करतो. वीस वर्षांत त्यानं माझ्यात एकही खिळा ठोकला नाही. पत्रा चार बांबूंवर उभा केला. मला टेकून बसणारा, पण मला भोक न पाडणारा तो एकमेव माणूस. त्याचं डोकं बरोबर माझ्या फुगलेल्या जागेखाली यायचं.

फुगलेली जागा पहिल्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत होती. दुसऱ्या मजल्यावर, तिच्या शेजारच्या खिडकीत, हेमाताई. निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. त्यांच्या घरात माझ्यातून पाणी जायचं. त्यांच्या भिंतीवर ओलीचे डाग पडले होते आणि त्या पाहुण्यांना सांगायच्या, ही आफ्रिका, हा तिच्या उजवीकडे मादागास्कर, यंदा दक्षिण अमेरिकाही निघाली आहे. दर वर्षी सभेत त्या हात वर करायच्या. दर वर्षी त्यांचा विषय 'इतर विषय' या मथळ्याखाली यायचा आणि तोवर चहा आलेला असायचा.

या वर्षी मार्चमध्ये त्या थांबल्या नाहीत. त्यांची एक विद्यार्थिनी, वल्लरी, इमारती तपासणारी इंजिनिअर आहे. तिला त्यांनी स्वतःच्या खर्चानं बोलावलं. तिनं लाकडी मुठीची हातोडी घेतली आणि खिडकीतून वाकून, मग शिडीवर चढून, मला हळूहळू ठोकत गेली. चांगल्या गिलाव्याचा आवाज भरीव येतो. माझा आवाज रिकाम्या डब्यासारखा आला. मला लाज वाटली. तिनं खाली बघितलं, पोपटच्या डोक्याकडे.

"हे पडणार," ती म्हणाली. "कधी, ते मला विचारू नका. पण याच्याखाली कुणी उभं राहू नये. वाळू झिरपायला लागली तर समजा वेळ संपली."

तिनं अहवाल दिला आणि अंदाजही दिला. चारही बाजूंचा गिलावा काढून नवा करायचा, वर रंग, तर एकवीस लाख. एवढे नसतील तर निदान पश्चिमेची भिंत पावसाआधी करून घ्या, तीन लाख साठ हजार. बाकीच्या बाजू दोन वर्षांत, सवडीनं. इतकं सोपं सांगितलं होतं की मला वाटलं, सुटलो.

मित्रांनो, सभा कधी पाहिली आहे का तुम्ही? पाहू नका, अभ्यासावर परिणाम होतो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. पहिला बोलला राजस. चौथ्या मजल्यावरचा, हिंजवडीला कंपनीत जाणारा, रोज दोन तास बसमध्ये बसून तीच तीच चकचकीत ऑफिसं बघणारा मुलगा. त्यानं लॅपटॉप उघडून दाखवलं की गिलावा वगैरे जुना झाला, सगळ्या इमारतीला बाहेरून चकचकीत पॅनेल बसवू. सुखछत्र त्याच्या चित्रात मोबाईलच्या दुकानासारखी दिसत होती. आकडा एकोणपन्नास लाख. फ्लॅटची रिसेल व्हॅल्यू वाढेल, म्हणाला. संभाजीरावांनी विचारलं, तू विकणार हायेस का? तो नाही म्हणाला. मग कुणाला दाखवायची ती व्हॅल्यू, असं विचारून त्यांनी लॅपटॉप मिटायला लावला.

मग श्यामरावांनी नेहमीचा आकडा काढला. फक्त रंग, तीन लाख नव्वद हजार. हेमाताईंनी लक्षात आणून दिलं की एका बाजूचा पक्का गिलावा त्याहून स्वस्त पडतो आणि पैसे बँकेत आहेत. श्यामराव म्हणाले, आहेत, पण ठेव नोव्हेंबरमध्ये पिकते. आत्ता मोडली तर व्याजात अकरा हजार चारशे रुपयांचं नुकसान.

"आणि मधे पाऊस आहे त्याचं काय?" हेमाताईंनी विचारलं.

"ताई, चौतीस वर्षं पडला नाही तो. सात महिन्यांसाठी कशाला पडेल?"

"तुम्ही चौतीस वर्षं कचेरीत होतात. निवृत्त झालातच ना?"

लोक हसले. श्यामराव हसले नाहीत. ठेव मोडायची असती तर तिला ठेव म्हटलं नसतं, एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. संभाजीरावांना मनातून पटत नव्हतं. ते म्हणाले, आमच्या गोठ्याच्या कुडाला दरसाल सारवण व्हायचं, त्याला कुणी तीन कोटेशनं मागवली नव्हती. पण आकड्यांपुढे त्यांचं चालत नाही, आणि गोठ्याला मुदत ठेव नसते. ठराव झाला की काम नोव्हेंबरमध्ये.

मग तोवर पोपटचं काय? कुणीतरी म्हणालं, त्याला दुसरीकडे बसायला सांगू. पण त्याला हे सांगणार कोण? प्रत्येकाचे चार कपडे त्याच्याकडे होते. आणि दुसरीकडे म्हणजे कुठे? आत पार्किंगमध्ये जागा होती, पण पार्किंगमध्ये धंदा करू नये असा ठराव श्यामरावांनीच मांडला होता. त्याला हाकलायचं नाही, आत घ्यायचं नाही, भिंत दुरुस्त करायची नाही. मग उरलं काय?

उरली पाटी. आपल्या या शहरात कुठल्याही दुखण्यावरचा पहिला उपाय पाटी आणि शेवटचाही पाटी. मजकुरावर पस्तीस मिनिटं चर्चा झाली. माझ्यावर अकरा मिनिटं झाली होती. शेवटी ठरलं ते असं:

'या भिंतीखाली उभे राहू नये. गिलावा पडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. आज्ञेवरून.'

फ्लेक्सचा रंग उन्हात उडतो म्हणून पाटी लोखंडी पत्र्याची करायची. दोन फूट बाय तीन. अठराशे पन्नास रुपये, एकमतानं मंजूर, कोटेशन न मागवता. गेल्या नऊ वर्षांत पश्चिमेच्या भिंतीवर झालेला हा पहिला खर्च.

आता पाटी लावायची कुठे? खाली लावली तर पोरं ओरखडतात. म्हणून उंच. आणि लोकांना नेमकं कळावं की धोका कुठे आहे, म्हणून धोक्याच्याच जागेवर. माझ्या फुगलेल्या भागाच्या मधोमध. गिलावा पडेल असं सांगणारी लोखंडी पाटी त्याच गिलाव्यात चार भोकं पाडून टांगायची, यात काही चुकतंय असं सोळा बिऱ्हाडांतल्या एकालाही वाटलं नाही. वाटलं असतं ते हेमाताईंना, पण पाटीवर चर्चा सुरू झाली तेव्हाच त्या उठून घरी गेल्या होत्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाला, इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन आला. पोपट टेबलाशीच होता. श्यामरावांनी त्याला दोन पावलं बाजूला केलं आणि काम झाल्यावर परत यायला सांगितलं. श्यामरावांच्याच भाच्याच्या लग्नाचे तेरा कपडे त्याच्याकडे होते, संध्याकाळी हवे होते, वेळ नव्हता.

पहिलं भोक पडलं तेव्हा माझ्या पाठीत कळ गेली. दुसऱ्याला पिंपळाची जुनी मुळं तुटली. तिसऱ्या-चौथ्यानंतर मी विटांना नुसता चिकटल्यासारखा दिसत होतो. श्यामराव रस्त्यापलीकडे जाऊन बघत होते आणि म्हणत होते, डावीकडून अर्धा इंच वर घ्या. त्यापायी पाटी दोनदा काढून परत लावावी लागली. मग पाटी सरळ झाली, इलेक्ट्रिशियननं शिडी मिटली, मजुरी घेतली आणि तो गेला. पोपट टेबलाशी परत आला. त्यानं वर बघून पाटी वाचली, पत्र्याखाली वाकला आणि रेशमी सदऱ्यावर पाणी शिंपडलं.

मी धरून राहिलो. तुम्हाला खोटं वाटेल, पण जे आतून सुटलेलं असतं तेही धरून राहतं. नागोरावांनी मारलेला माल होता. वीस वर्षांत ज्यानं मला एक खिळा मारला नाही त्याच्यावर पडायचं नाही, एवढं मला कळत होतं. पण कळून काय उपयोग. माझ्या कडेनं वाळू झिरपायला लागली.

ती हेमाताईंच्या खिडकीत पडली. त्या चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं तसंच ठेवलं आणि खिडकीतून वाकल्या. त्या ओरडल्या नाहीत. वर्गात चाळीस वर्षं वापरलेल्या आवाजात म्हणाल्या,

"पोपट, वर या."

"ताई, दोन शर्ट राहिलेत."

"शर्ट राहू देत. आत्ता या."

त्या आवाजाला कुणी नाही म्हणत नाही. पोपटनं इस्त्री बाजूला ठेवली आणि जिन्याकडे वळला. तो पहिल्या मजल्यावर पोचला असेल, तेव्हा मी सुटलो. आठ फूट बाय सहा, मधे पाटी. पत्रा वाकला, बांबू मोडले, टेबलाचे दोन तुकडे झाले. इस्त्री लांब जाऊन पडली आणि तिच्यातले निखारे भाच्याच्या लग्नावर पसरले. धूळ बसली तेव्हा सगळ्यात वर पाटी होती. सुलटी पडली होती. संस्था जबाबदार राहणार नाही.

श्यामराव रस्त्यापलीकडेच होते. ते पळत आले आणि माझ्या ढिगाऱ्यात हात घालून उकरायला लागले. त्यांना पोपट वर गेलेला दिसला नव्हता. "पोपट, पोपट," एवढंच म्हणत होते. बोटांतून रक्त आलं तरी थांबेनात. मागून पोपटच आला आणि म्हणाला, साहेब, मी इकडे हाय. श्यामराव त्याच्याकडे वळले आणि ढिगाऱ्यावरच खाली बसले.

संभाजीराव बनियनवरच उतरले. त्यांनी एकदा पोपटकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं.

"पाटी मातर झकास केलीय हां श्यामराव," ते म्हणाले. "एक अक्षर हाललं नाय."

त्याच दिवशी संध्याकाळी सहाला सभा झाली. पोपटला पहिल्यांदाच बोलावलं आणि खुर्ची दिली. तो बसला नाही. श्यामरावांनी बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या, तरी वही त्यांच्याच हातात होती. त्यांनी विचारलं, तुमचं नुकसान किती झालं ते सांगा, लिहून घेतो. ते त्याला पहिल्यांदाच 'तुमचं' म्हणाले.

पोपटनं जरा विचार केला. "टेबल सातशेचं. पत्रा नि बांबू चारशे. इस्त्री जुनीच व्हती, तिचं काय नको." मग श्यामरावांच्या वहीकडे बघून म्हणाला, "माझं डोकं धरायचं का नाय, ते तुम्ही ठरवा. तुमचा हिशेब पक्का असतो."

श्यामरावांनी वही मिटली. राजसनं लॅपटॉप उघडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी श्यामराव बँकेच्या दारात होते. ठेव मोडली. मग ते वल्लरीसमोर शाळेतल्या मुलासारखे बसले आणि नीट अंदाजपत्रक तयार केलं. पश्चिम भिंत लगेच, बाकीच्या तीन बाजू पुढच्या दोन हिवाळ्यांत. कमी पडणारे बारा लाख सोळा घरांत वाटून प्रत्येकी पंच्याहत्तर हजार, तेही दरमहा पाच हजारांनी. आत काय निघेल ते आधी कळत नाही म्हणून थोडी रक्कम वेगळी. यात अवघड काहीच नव्हतं. हे १९९८लाही करता आलं असतं.

पण त्या कागदाची पहिली ओळ श्यामरावांनी स्वतःच्या हातानं लिहिली. 'भिंतीखाली काम करणारे श्री. पोपट यांची पार्किंगमध्ये सोय.' समोर रकमेचा रकाना होता. त्यात ते बराच वेळ पेन धरून बसले. जन्मात कधी रकाना रिकामा न सोडलेल्या माणसानं तो रिकामा सोडला आणि पुढच्या ओळीला गेला.

आता भिंतीला बांबूंची परांची बांधून झाली आहे. हातोडे सुरू आहेत. मी गोण्यांत भरला जातोय, आणि संध्याकाळी टेम्पोनं कुठल्यातरी खड्ड्यात जाईन. वाईट नाही वाटत. मी निदान कुणाच्या डोक्यावर पडून मेलो नाही, आणि त्याचं श्रेय माझं नाही, ते चहा अर्धा टाकलेल्या एका बाईचं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरची मोठी माणसं असा कागद घेऊन बसतील. रंग केवढ्याला, गिलावा केवढ्याला, ठेव कधी पिकते. त्यांना बसू द्या, ते गरजेचंच आहे. तुम्ही फक्त बाहेर जा, आपल्या भिंतीखाली जाऊन बघा, तिथे कोण उभं असतं. मग आत येऊन त्याचं नाव सांगा आणि ते कागदावर सगळ्यात वर लिहायला लावा. किती रुपये, असं विचारलं तर म्हणा, ते नंतर, आधी नाव लिहा.